लोकांची काळजी

शाळेच्या स्नेहसंमेलनाची यादी करणे हे काम बाहेरून दिसते तितके निरुपद्रवी नसते. कुणाची मुलगी पहिल्या रांगेत आणि कुणाची मागे, लावणी ठेवायची की गाळायची, देशभक्तिपर गीत एक की दोन, यावरून गावात आठवडाभर बोलणी चालतात. डिसेंबर २०१४ मध्ये हे काम माझ्याकडे होते. मुख्याध्यापकाची खुर्ची अजून दूर होती. सांस्कृतिक विभाग मात्र गळ्यात पडला होता. मुलांनी आणून दिलेल्या चिठ्ठ्यांत दोन कोळीगीते, एक पोवाडा, शेतकरी नृत्य, लेझीम असा नेहमीचा ऐवज होता. आणि नववीतल्या एका मुलीची चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते, 'लोकद काळजी.'

मी तिला बोलावून विचारले, "हे काय गं?"

"गाणं हाय की ओ सर. कन्नड."

"आपल्या गॅदरिंगला कन्नड गाणं?"

"चांगलं हाय ओ. घरी म्हणतात."

"घरी म्हण. इथं दुसरं घे."

तिने दुसरे घेतले. कोळीगीत. समुद्र तिने पाहिला असलाच तर सहलीत एकदा पाहिला असेल. पण होडी वल्हवण्याचा अभिनय तिने इतका सफाईने केला की टाळ्या थांबेनात. (आमच्या मच्छ्यातून पणजीचा रस्ता जातो, एवढेच काय ते आमचे समुद्राशी नाते.) ही गोष्ट इथेच संपायची. ती संपली नाही, म्हणून हा लेख.

ते वर्ष आठवून पाहावे. जुलैत शेजारच्या येळ्ळूरमध्ये फलकावरून जे घडले त्याचे वळ अजून ताजे होते. १ नोव्हेंबरला शहराचे नाव सरकारदरबारी बदलले होते. असल्या दिवसांत मराठी शाळेच्या व्यासपीठावर कन्नड गाणे वाजले असते, तर पालक काय म्हणतील, संस्थेचे पदाधिकारी काय म्हणतील, या विचाराने माझ्या हातून ती चिठ्ठी बाजूला पडली. त्या मुलीचा राग नव्हता, गाण्याचाही नव्हता. मला लोकांची काळजी होती. आणि मी जे गाणे नाकारले त्याच्या नावाचा अर्थही नेमका तोच होता! 'लोकद' म्हणजे लोकांची, जगाची. 'काळजी' म्हणजे काळजीच. हा शब्द आधी आमचा की त्यांचा, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. अण्णा, अक्का आणि अडकित्ता यांच्याबरोबर तो दोन्ही घरांत नांदतो आहे.

गाणे मी अजिबात ऐकले नव्हते असे नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्या गावाला लागूनच आहे. राज्यभरातून आलेली मुले इथे खोल्या घेऊन राहतात आणि संध्याकाळी त्यांच्या खिडक्यांतून नाना प्रकारचे संगीत रस्त्यावर सांडत असते. त्यात हे होते. गिटार, ड्रम आणि मोकळ्या, खड्या आवाजात कन्नड शब्द. कुठल्या तरी बेंगळुरी बँडचे धिंगाण्याचे गाणे, एवढीच मी त्याची नोंद घेतली होती.

तो बँड रघू दीक्षित प्रोजेक्ट. रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसूरला, शिकले सूक्ष्मजीवशास्त्र, नाचले भरतनाट्यम आणि गायला लागले गिटार घेऊन. 'अंतराग्नी' हा त्यांचा पहिला संच २००८ साली आला. त्यात हिंदी गाणी होती आणि शिशुनाळ शरीफांची कन्नड पदेही होती. पुढे हा बँड देशोदेशी गेला, २०१० साली बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर गायला. दुसरा संच 'जग चंगा' यायला २०१३ उजाडले. मधे पाच वर्षे गेली. 'लोकद काळजी' या दुसऱ्या संचातले. आणि तेही शरीफांचेच.

दुसरा संच ही मोठी कसोटी असते. पहिल्या संचात कलावंत वर्षानुवर्षे साठवलेले धान्य बाहेर काढतो आणि कुणी वाट पाहत नसताना जेवण रांधतो. दुसऱ्या वेळी कणगी रिकामी असते आणि पाहुणे मात्र दारात येऊन बसलेले असतात. आम्हा शिक्षकांचेही तसेच. पहिल्या वर्षी नवा मास्तर उत्साहावर शिकवतो. दुसऱ्या वर्षी तोच धडा पुन्हा समोर आला की कळते, आपल्याला धडा येतो की नुसता आवाज येतो. म्हणून दुसऱ्या वेळी माणूस कुणाच्या दारात जातो हे पाहण्यासारखे असते. दीक्षित पुन्हा शरीफांच्याच दारात गेले. उसने मागायला एकदा गेलेला माणूस पाहुणा म्हणून खपतो. दुसऱ्यांदा गेला की तो ऋणको होतो, नाहीतर घरचा होतो.

मग प्रश्न असा की, हे ऋण कशाचे आणि ते फेडायचे कुणाला?

शरीफ कोण होते हे आमच्या मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही. मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हते, आणि मी याच जिल्ह्यात जन्मलो. १८१९ ते १८८९ हा त्यांचा काळ. आजच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिग्गाव तालुक्यातले शिशुनाळ हे त्यांचे गाव, आमच्यापासून बसने एका दिवसात जाऊन यावे इतके जवळ. जन्माने मुसलमान, गुरू केला तो कळसचा गोविंदभट्ट नावाचा ब्राह्मण. गुरूने शिष्याच्या गळ्यात जानवे घातले अशी आख्यायिका आहे. काही काळ शरीफ शाळामास्तर होते, मग ती नोकरी सोडली. (हे वाचून मी क्षणभर पुस्तक मिटले होते.) त्यांच्या रचनांना तत्त्वपदे म्हणतात. गुडगुडी, गळके छप्पर, कोंबडी, माकड अशा घरगुती वस्तूंमधून ते देहाची आणि मायेची गोष्ट सांगतात. एका पदात तर कोंबडीच माकडाला गिळते. आमच्या मुक्ताबाईची मुंगी आणि ही कोंबडी एकाच अंगणातल्या, हे कुणी सांगायला नको. 'लोकद काळजी'त, जगाची चिंता आपणच वाहतो आहोत असे मिरवणाऱ्याची शांतपणे थट्टा केली आहे. थट्टा माझीच होती, फक्त मला पोचायला उशीर झाला.

ही पदे शंभर वर्षे गावोगावच्या भजनी मेळ्यांनी तोंडी सांभाळली. मग सी. अश्वत्थ यांनी त्यांना चाली दिल्या आणि ध्वनिफितींतून ती घराघरांत नेली. १९९० साली टी. एस. नागाभरण यांचा शरीफांवरचा चित्रपट आला, त्यात गिरीश कार्नाडांनी गोविंदभट्ट केला होता. म्हणजे बँडवाल्यांच्या हाती पद आले तेव्हा ते तीन-चार हात बदलून आले होते.

आता ऋणाचा हिशेब. कायद्याने पाहू गेल्यास काहीच देणे नाही. १८८९ साली वारलेल्या कवीच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. ज्याला गायचे त्याने गावे, पैसे मिळवावेत. पण पाटीवर शून्य आले म्हणून मनातली बाकी शून्य होत नाही. वडिलांनी घेतलेल्या उसन्या पोत्याची मुदत कायद्याने संपली, तरी शेजाऱ्याच्या दारावरून जाताना मान खाली जातेच.

दुसरा पक्ष शुद्धतेचा. हे लोक म्हणतात, लोकगीत मातीतच शोभते, गिटारने ते बाटते. हा पक्ष मला कधीच पटला नाही. आपल्या भजनातली पेटी कुठून आली? ती साहेबाच्या देशातून आली, आणि आज पेटीवाचून हरिपाठ ऐकला तर म्हाताऱ्यांना चुकल्यासारखे वाटते. ज्या वाद्याने शब्द झाकतात ते वाईट, ज्याने उजळतात ते चांगले. बाकी जातपात वाद्यांना नसावी.

तिसरा पक्ष मात्र अवघड आहे आणि तो आपल्या सीमाभागातला आहे. गाणे ज्या भाषेचे, त्या लोकांचे, असे हा पक्ष म्हणतो. त्यांचे ते त्यांनी गावे, आमचे आम्ही. २०१४ मध्ये मी याच पक्षात होतो. आणि या पक्षाची भीती खोटी नाही, हे मी आजही म्हणतो. इथल्या मराठी माणसाला कन्नड ऐकवले गेले ते पुष्कळदा सक्तीच्या तोंडून. १९८६ साली त्या सक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, नऊ जणांचे प्राण गेले, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. दंडुक्याबरोबर आलेले गोड गाणेही कानाला टोचते. हुकमाने प्रेम करता येत नाही. हुकमाने फार तर उभे राहता येते. पण मी त्या दिवशी केले ते काय होते? ती मुलगी आवडीने आली होती. तिच्या आवडीला मी सक्तीची शिक्षा दिली. सक्ती करणारा आणि मी यांच्यात त्या पाच मिनिटांपुरता फक्त भाषेचा फरक होता.

इथे कुणी सोपा तोडगा काढील की, संगीताला भाषा नसते, सीमा नसतात. व्यासपीठावरून हे वाक्य मीही ऐकले आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. ते मला खरे वाटत नाही. शरीफांच्या पदातून कन्नड काढून घेतली तर उरतो तो ठेका, आणि ठेक्यावर नाचायला शरीफ कशाला हवेत? तुकोबांच्या अभंगातून मराठी काढली तर काय उरेल, हे आपण स्वतःला विचारावे. गाण्याला भाषा असते; म्हणूनच ते उसने घेणाऱ्यावर काही जबाबदारी पडते. अर्थ समजून घेण्याची जबाबदारी. खिडकीतून ऐकून धिंगाणा म्हणणारा मी आणि अर्थ न कळता त्यावर नाचणारी हॉस्टेलची मुले, आम्ही दोघेही सारखेच थकबाकीदार.

उसनवारीचा इतिहास काढला तर आपली बाजूही काही कोरी नाही. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांनी आपले खेळ करून दाखवले. ते पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना तसे मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीचा वाढदिवस आपण त्या दिवसापासून मोजतो. त्याच साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. पुढे 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' यांतल्या पदांसाठी त्यांनी कर्नाटकी चालीही घेतल्या. त्या चालींवर दीडशे वर्षे मराठी माणूस मान डोलावतो आहे. याला आपण चोरी म्हणत नाही, परंपरा म्हणतो. मग कन्नड पद एका मराठी मुलीने म्हटले तर ते काय?

आणखी एक जवळचे उदाहरण. कुमार गंधर्व सुळेभावीचे. बेळगावहून सुळेभावी किती दूर आहे ते इथल्या वाचकाला सांगायला नको. घरची भाषा कन्नड. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला गेले, आणि सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी येत राहिली, दारावर येणाऱ्या नाथपंथी गोसाव्यांची निर्गुणी भजने येत राहिली. त्या धुनांतून पुढे त्यांनी राग उभे केले. कर्नाटकात जन्मलेला, महाराष्ट्रात शिकलेला माणूस माळव्याचे गाणे माळवी माणसाला पुन्हा ऐकवतो, आणि त्याला कुणी उपरा म्हणत नाही. का? मला वाटते, कारण त्यांनी घेण्याआधी पाच वर्षे नुसते ऐकले. त्यांना बोलण्याचीच बंदी होती म्हणा, पण ऐकणे सक्तीचे नव्हते.

ऋण फेडण्याची एक जुनी रीत आपल्या संतांनी गाण्याच्या आतच शिवून ठेवली आहे. ती नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येते. गाणाऱ्याला ते उच्चारल्यावाचून गाणे संपवता येत नाही. म्हणून तर तुकोबांच्या अभंगांवर आपली मुद्रा चिकटवणारा सालोमालो वारकऱ्यांच्या अजून लक्षात आहे. पण नीट पाहिले तर मुद्रेतही गंमत आहे. नाथ आपल्या नावापुढे गुरूचे नाव जोडतात. पुरंदरदास विठ्ठलाचे नाव घालतात. शरीफांच्या पदात शेवटी येतो तो शिशुनाळाधीश, म्हणजे गावचा देव. ज्याने पद रचले त्यानेसुद्धा ते स्वतःच्या नावावर ठेवले नाही; त्याने ते आपल्या सावकाराच्या नावावर चढवले. मग पुढच्यांनी मालकी सांगायची कशावर? बेंगळुरूने नाही, आणि मच्छ्यातल्या सांस्कृतिक विभागप्रमुखानेही नाही. पुढच्याने करायचे ते एवढेच, की शेवटचे कडवे गाळायचे नाही. चार मिनिटांच्या गाण्यात कात्री लागते ती बहुधा तिथेच.

दीक्षितांनी 'जग चंगा'त आपले देणे फेडले का? माझ्या कानाला अर्धे फेडले. आवाजात जीव आहे, शब्द ठणठणीत लागतात, आणि आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत याचे भान आहे. पण ड्रम मधे मधे फार धावतो. थट्टा ही सावकाश करायची गोष्ट आहे. पळता पळता केलेली थट्टा समोरच्याला कळत नाही. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. अश्वत्थांच्या ध्वनिफिती मराठी घरांत आल्या नव्हत्या. हा बँड मोबाइलवरून आला आणि शरीफ माझ्या दारापर्यंत आणून सोडून गेला. दार मी लावून घेतले, तो दोष त्याचा नाही.

ती मुलगी दहावी होऊन गेल्यावर तीन-चार वर्षांनी तिच्या घरी जाण्याचा योग आला. भावाच्या दाखल्याचे काहीतरी काम होते. ओसरीवर तिची आजी बसली होती. आजीचे माहेर कित्तूरकडचे, कन्नड; इथे मराठी घरात येऊन पन्नासहून अधिक वर्षे झालेली. चहा झाला. मुलगी आतून हसत म्हणाली, "सर, ते गाणं आज्जीचंच ओ. तुम्ही म्हणू दिलं नव्हतासा ते."

मला वाटले होते, पोरीने ते मोबाइलवर ऐकून उचलले असेल. आजीने ते लग्नाआधी माहेरच्या भजनात शिकले होते. बँड आला तेव्हा नातीनेच तिला फोनवर ऐकवले होते.

मी विचारले, "आवडलं काय ओ आज्जी?"

"बरं म्हणतंय ते पोरगं. आवाज चांगला हाय," आजी म्हणाली. "पण मास्तर, पळायलंय कशाला ते? कोण लागलंय त्याच्या मागं?"

मग तिने म्हणून दाखवले. पेटी नाही, टाळ नाही. एका हाताने सुपाच्या कडेवर ठेका. मला पुरते कन्नड कळत नाही, व्यवहारापुरते कळते. नात मधून मधून अर्थ सांगत होती. शेवटच्या कडव्याशी आल्यावर आजी थांबली, सुपावरचा हात काढला, दोन्ही हात जोडले, आणि मग नाव घेतले. पुढे कोविडच्या साथीत आजी गेली. नात आता पुण्याला नोकरीत आहे. तिच्याकडून फोनवर विचारून विचारून मी ते पद देवनागरीत वहीत उतरवून घेतले. दोन शब्द अजून अडलेले आहेत. शेजारच्या कन्नड शाळेतल्या एका शिक्षकांना विचारले, त्यांनाही एकाचाच अर्थ सांगता आला.

गेल्या डिसेंबरात स्नेहसंमेलनाची यादी सहीसाठी माझ्या टेबलावर आली. आठवीतल्या एका मुलाने नाव दिले होते: कन्नड पद, शिशुनाळ शरीफ. त्याच्यासमोर सांस्कृतिक विभागाच्या तरुण शिक्षकांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले होते. मी त्यांना बोलावले. ते म्हणाले, "सर, लोक काय म्हणतील?"

प्रश्नचिन्हावर मी रेघ मारली, सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिले: अर्थ मराठीत आधी सांगावा. शेवटचे कडवे गाळू नये.